एक्सबॉक्सने दुकान आवरलं, की नुसती पाटी बदलली?

तापकीरगल्ली (धागालेखक)

मायक्रोसॉफ्टचा 'हेलो' हा गेम सोनीच्या प्लेस्टेशनवर येतोय. २००१ साली हे कुणाला सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. ज्या गेमच्या जिवावर मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स कन्सोल खपला, त्याचीच नव्याने बांधलेली आवृत्ती २०२६मध्ये पीएस५वर (म्हणजे प्लेस्टेशन ५वर) येणार, असं मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५मध्ये स्वतःच जाहीर केलं. त्याआधी इंडियाना जोन्स गेला, फोर्झा होरायझन ५ गेला, गिअर्स ऑफ वॉर गेला. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तेव्हापासून दोन तट पडलेत. एक म्हणतो एक्सबॉक्सचा बाजार उठला, दुसरा म्हणतो मायक्रोसॉफ्ट सगळ्यांच्या दहा वर्षं पुढे आहे. मला दोन्ही पटत नाही, म्हणून हा धागा.

मुळात कन्सोल विकणं हा एक्सबॉक्सचा धंदा कधी नव्हताच. २०२१मध्ये एपिक विरुद्ध अॅपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी साक्षीत सांगितलं, की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. कधीच! यंत्र पडेल भावात द्यायचं आणि मग त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे साधारण ३० टक्के कापून घ्यायचे. म्हणजे टीव्हीखाली ठेवलेला तो डबा हा माल नाही, तो गल्ला आहे. आणि गल्ल्याला किंमत केव्हा? घराघरात असेल तेव्हा.

इथेच घोडं अडलं. २०१३मध्ये एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला आला, वर कायनेक्ट हा कॅमेरा घेण्याची सक्ती. सोनीने पीएस४ ३९९ला लावला. वापरलेल्या डिस्कवर मायक्रोसॉफ्टने घातलेल्या अटींवरून बोंब झाली, त्या महिन्याभरात मागे घ्याव्या लागल्या, पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर २०२३मध्ये एका मुलाखतीत म्हणाले, की हरायला सगळ्यात वाईट अशी नेमकी तीच पिढी आम्ही हरलो, कारण त्याच काळात लोकांनी आपापली डिजिटल लायब्ररी जमवली. ज्याचे शंभर गेम प्लेस्टेशनच्या खात्यात आहेत, तो एक्सबॉक्सकडे कशाला वळेल?

मग पैशाने प्रश्न सोडवायला गेले. गेम बनवणाऱ्या कंपन्याच विकत घेतल्या: बेथेस्डा साडेसात अब्ज डॉलर, अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६८.७ अब्ज. एवढी रक्कम ओतल्यावर अॅक्टिव्हिजनचा कॉल ऑफ ड्यूटी हा गेम फक्त स्वतःच्या घटत्या गिऱ्हाइकांना विकणं शक्यच नव्हतं. आपलाच डबा आपल्याच मालाच्या आड यायला लागला. त्यामुळे 'सगळीकडे एक्सबॉक्स' हे जे दूरदृष्टीचं धोरण म्हणून सांगितलं जातं, ते मला खरेदीनंतर नाइलाजाने केलेलं गणित वाटतं.

प्रश्न असा: डबा सोडला तर ते ३० टक्के कुणाच्या खिशात जाणार? सोनीच्या आणि पीसीवरचं स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या. २००१च्या जानेवारीत सेगाने ड्रीमकास्ट हा आपला कन्सोल बंद करून नुसते गेम करायचं ठरवलं, हे त्याहून वेगळं कसं? खिसा खोल आहे एवढंच?

चौथा_कंट्रोलर

धागा शंभरी गाठणार. बसतो कोपऱ्यात.

हिंजवडी_फेज_तीन

सेगाची तुलना पार चुकीची आहे. सेगाकडे तेव्हा रोख संपत आली होती. मायक्रोसॉफ्टचा गेमिंग विभाग उद्या बंद पडला तरी अॅझ्युअर ही क्लाउड सेवा आणि ऑफिसच्या जोरावर कंपनीला कळणारही नाही.

आणि तुमच्या त्या ३० टक्क्यांबद्दल. दुसऱ्याच्या दुकानात गेम विकला की ३० जातात, पण ७० येतात ना. डबा बनवायचा खर्च नाही, रिटेलचं मार्जिन नाही, गोदाम नाही. जुलै ते सप्टेंबर २०२५च्या तिमाहीत एक्सबॉक्स यंत्रांचं उत्पन्न २९ टक्क्यांनी घसरलं. अशा आकड्यानंतर कुठला सीएफओ आणखी डबे काढा म्हणेल? त्यात पीसी त्यांच्याच विंडोजवर चालतात. आसूसबरोबर काढलेला, हातात धरून खेळायचा तो एक्सबॉक्स अॅलाय बघा. नाव एक्सबॉक्स, आत विंडोज, धोका आसूसचा. मी तर म्हणतो झकास.

तापकीरगल्ली

@हिंजवडी_फेज_तीन, त्या अॅलायवर स्टीमही चालतं हो. माणूस एक्सबॉक्स लिहिलेलं यंत्र विकत घेतो आणि गेम घेतो स्टीमवरून, कारण तिथे सेल असतो. मग मायक्रोसॉफ्टला काय मिळालं? विंडोजचं लायसन.

निन्टेंडोवाली

नेहमीप्रमाणे सगळे दोघांवर भांडतायत आणि तिसरा, म्हणजे निन्टेंडो, क्योटोत बसून नोटा मोजतोय.

तुमचं ते 'पडेल भावात द्या, मग कापून घ्या' हे सोनी-मायक्रोसॉफ्टचं शास्त्र. निन्टेंडो सहसा यंत्रही फायद्यातच विकतं. १८८९मध्ये हानाफुदा पत्ते छापायला निघालेली कंपनी ही, तिला खेळणं विकणं म्हणजे काय ते पुरेपूर ठाऊक आहे. गुनपेई योकोई म्हणून त्यांचे एक इंजिनियर होते, गेम बॉयमागचं डोकं. त्यांचा मंत्र असा, की सगळ्यात नवी चिप घेऊच नका. जुनी, स्वस्त झालेली, खोडी माहीत असलेली चिप घ्या आणि वापर नवा शोधा. त्यांचं वी हे कन्सोल याच वाटेने दहा कोटींपुढे गेलं, स्विच पंधरा कोटींपुढे. ग्राफिक्सच्या शर्यतीत ते २००६पासून उतरलेलेच नाहीत.

पडले नाहीत असं नाही. वी यू पावणेदोन कोटीही खपलं नाही, जेमतेम १.३५ कोटी. थ्रीडीएस या हातातल्या यंत्राची किंमत सहा महिन्यांच्या आत २४९ वरून १६९ डॉलरवर आणावी लागली आणि तेव्हा निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. लोकांना घरी पाठवण्याऐवजी! २०२४च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने गेमिंगमधल्या १९०० लोकांना नारळ दिला, मे महिन्यात टँगो गेमवर्क्स या आपल्या स्टुडिओला टाळं ठोकलं, तेही हाय-फाय रशसारखा देखणा गेम दिल्यानंतर. त्या वेळी वरच्यांपैकी कुणाचा पगार कापल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

स्विच २ जून २०२५मध्ये आला आणि चार दिवसांत ३५ लाख गेला. डबा मेला म्हणणाऱ्यांनी जरा याचा हिशोब द्यावा.

कोथरूडचा_काका

ताई, सगळं खरं, पण निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, त्याचं काय? माझ्या भाच्याने सिंगापूरहून आणवला. सहा महिन्यांत कंट्रोलरची काडी आपोआप एकीकडे सरकायला लागली. इथे दाखवायला गेलो तर दुकानदार म्हणे, "साहेब, वॉरंटी जिथून आणला तिथली." आता जॉयकॉनसाठी सिंगापूरला जाऊ का?

निन्टेंडोवाली

काका, त्याला ड्रिफ्ट म्हणतात आणि त्यावर मी काही बचाव करणार नाही. जगभर लोकांनी खटले भरलेत त्यावरून.

पार्लरवाला

नमस्कार मंडळी. कर्वे रोडच्या आतल्या बाजूला माझं छोटं गेमिंग पार्लर आहे. मोठमोठ्या अब्जांत मी पडत नाही, माझ्याकडचं सांगतो.

गिऱ्हाईक म्हणजे इंजिनियरिंगची पोरं. येतात चौघं-चौघं, खेळतात फुटबॉलचा एफसी आणि मारामारीचा टेकन, शनिवारी डब्ल्यूडब्ल्यूई. तीन पीएस५ आहेत, दोन पीएस४ अजून चालू आहेत आणि खरं सांगू का, गर्दीच्या वेळी पीएस४वरही तेवढेच बसतात. कुणी विचारत नाही की दादा, यात रे ट्रेसिंग आहे का. विचारतात एसी आहे का.

एक्सबॉक्स होता. सीरीज एस. विकला. कारण गेम पास, म्हणजे महिन्याची वर्गणी भरून गेम खेळायचे. घरी बसून एकट्याने ढीगभर गेम चाखायला उत्तम, पण माझ्याकडे पोरांना जो गेम सगळ्यांना येतो तोच हवा असतो. शिवाय सीरीज एसला डिस्कच नाही. डिस्क म्हणजे माझं अर्धं भांडवल आहे हो. नवा मोठा गेम ४,९९९ला घ्यायचा, गर्दी ओसरली की ओळखीच्या गिऱ्हाइकाला काढून टाकायचा, त्यात थोडे घालून पुढचा आणायचा. पुण्यात ही उलाढाल कितीतरी ग्रुपवर चालते. घराघरातल्या पोरांचंही तेच. डिजिटलवाला गेम एकदा घेतला की तुमच्या उरावर कायमचा.

आणि कंट्रोलर! पीएस५च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरची काडी माझ्याकडे पाच-सहा महिने टिकली तरी मी देवाला नारळ फोडतो. आत चिमुकला पोटेंशिओमीटर असतो, त्यावरची पट्टी झिजते. तापकीर गल्लीत एक पोरगा आहे, तो जुना काढून हॉल इफेक्टवाला बसवून देतो, म्हणजे चुंबकावर चालणारा, घासायला काही नाहीच. एवढ्या मोठ्या कंपनीला हे जमू नये? जमतं, पण मग नवे कंट्रोलर खपणार कसे. हा माझा अंदाज, कुणी मनावर घेऊ नये.

चौथा_कंट्रोलर

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. "विचारतात एसी आहे का" 😄

हिंजवडी_फेज_तीन

@पार्लरवाला, तुमचा मुद्दा मान्य, पण पार्लर हा गेम पासचा गिऱ्हाईकच नाही. तो माझ्यासारख्या, रात्री दहानंतर तासभर मिळणाऱ्या माणसासाठी आहे.

तापकीरगल्ली

गेम पासचा विषय निघालाच आहे तर. २०१७मध्ये सुरू झाला तेव्हा मीही पहिल्या फळीत होतो. पण ऑक्टोबर २०२५मध्ये त्याचा सगळ्यात वरचा प्रकार, अल्टिमेट, अमेरिकेत १९.९९ वरून २९.९९ डॉलर झाला, आपल्याकडे ८२९ वरून १,३८९ रुपये. महिन्याला! वर्षाचे साडेसोळा हजार झाले. कॉल ऑफ ड्यूटी पहिल्या दिवशी वर्गणीत द्यायचा, म्हणजे जो माणूस तो सत्तर डॉलरला घेणार होता त्याचे सत्तर सोडायचे. ती खोट वर्गणी वाढवूनच भरून काढावी लागणार. हे आधीपासून दिसत होतं.

आता पार्लरवाल्या दादांच्या पीएस४कडे येतो, कारण त्यात खरी गंमत आहे. २०२४च्या मे महिन्यात सोनीनेच सांगितलं, की दरमहा खेळणाऱ्यांपैकी निम्मे अजून पीएस४वर आहेत. पीएस५ येऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. लोक नव्या पिढीवर का जात नाहीत? एक तर तेच ते गेम, फोर्टनाइट आणि फुटबॉल, जुन्यावर चालतात. दुसरं म्हणजे नवं स्वस्त होत नाही. पीएस२ अमेरिकेत २९९ला आला आणि २००९पर्यंत ९९वर उतरला. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९० होता, पुढच्याच वर्षी ५४,९९० झाला. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी चिप आकसायची, सिलिकॉनच्या त्याच तबकडीतून जास्त चिप निघायच्या, खर्च पडायचा. आता नव्या प्रक्रियेची तबकडीच इतकी महाग, की आकसूनही पैसे वाचत नाहीत. त्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव चढवून ठेवलेत. 'थांबा, दिवाळीला उतरेल' हा सल्ला आता कुणी देऊ नये.

पीएस५ प्रोची तर तऱ्हाच. आपल्याकडे वायफायचा ६ गिगाहर्ट्‌झ पट्टा खुला नव्हता म्हणून सोनीने तो २०२४मध्ये भारतात आणलाच नाही. ग्रे मार्केटवाल्यांची चांदी.

पिक्सेल_पेठ

मी बाणेरच्या एका छोट्या स्टुडिओत प्रोग्रामर आहे. दोन गोष्टी लिहिते, कारण वर सगळे गेम आकाशातून पडतात अशा थाटात बोलतायत.

पहिली. ३० टक्के कापतात म्हणून ओरडताना त्या बदल्यात काय मिळतं तेही बघा. कन्सोलवर गेम टाकायचा तर आधी करार, मग त्यांचा डेव्हकिट (गेम बनवणाऱ्यांसाठीचं खास यंत्र), मग सर्टिफिकेशन, म्हणजे त्यांची तपासणी. निन्टेंडोवाले त्याला लॉटचेक म्हणतात. यात तुमचा गेम मजेदार आहे का हे कुणी बघत नाही. बघतात हे: खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम आपणहून थांबतो का आणि 'कंट्रोलर जोडा' असं सांगतो का? थांबला, पण पुन्हा दुसराच कंट्रोलर जोडला तर? सेव्ह होत असताना खूण दिसते का? सेव्हिंग चालू असताना मेमरी भरली तर? यंत्र झोपवून आठ तासांनी उठवलं तर सर्व्हरशी बोलणं पुन्हा सुरू होतं का? बटणांची नावं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच चिन्हांत आहेत का? आमच्या गेमचा एक बिल्ड (तयार आवृत्ती) केवळ एका स्क्रीनवर चुकीच्या बटणाचं चित्र राहिलं म्हणून परत आला होता. चिडचिड होते, पण पार्लरवाल्या दादांकडे गेम मध्येच लटकत नाही त्याचं कारण ही कटकट आहे. पीसीवर प्रत्येकाचं ग्राफिक्स कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, त्यामुळे तिथे आम्ही निम्मा वेळ कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमागे घालवतो. ठरावीक डबा आमच्यासाठी वरदान आहे.

दुसरी. 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. २०१७मधला त्यांचा किकस्टार्टर, म्हणजे लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न, फसला, तरी त्यांनी तो तडीला नेला. ऑगस्ट २०२०मध्ये तो सगळ्यात आधी कुठे आला? स्विचवर. जे यंत्र भारतात अधिकृतपणे मिळतही नाही त्यावर! पीसी, पीएस४, एक्सबॉक्स नंतर, ऑक्टोबरमध्ये. पुण्यात बसून केलेला गेम पुण्यातल्या माणसाला पहिले दोन महिने खेळायचा तर बाहेरून आणलेलं यंत्र हवं. कारण पैसे देणारं गिऱ्हाईक तिकडे आहे. सोनीने २०२३मध्ये भारतीय स्टुडिओंना मदत करणारा इंडिया हिरो प्रोजेक्ट आणला तेव्हा आम्हाला आनंद याचाच झाला, की निदान एक गल्लेवाला इकडे बघतोय. इथल्या बाजाराचं बोलाल तर सुपरगेमिंगही पुण्याचंच, पण त्यांनी इंडस हा गेम मोबाइलवर काढला आणि ते बरोबरच होतं.

त्यामुळे एक्सबॉक्स डबा सोडतोय यात मला आनंद नाही. एक गल्ला कमी झाला की उरलेले दोघं अटी घालणार, छोट्यांना कोण विचारतो.

तापकीरगल्ली

@पिक्सेल_पेठ, दंडवत. हा कोन माझ्या डोक्यातच नव्हता.

कोथरूडचा_काका

अवांतर: आमच्या वेळी लाल-पांढऱ्या डब्यात पिवळी कॅसेट घालून काँट्रा खेळायचो. लागली नाही तर फुंकर मारायची. सर्टिफिकेशन तेवढंच.

नळस्टॉप_नाइट

सोनीला कुणी काही बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. त्यांनी २०२२मध्ये ठरवलं की मार्च २०२६पर्यंत दहाहून जास्त लाइव्ह सर्व्हिस गेम, म्हणजे वर्षानुवर्षं ऑनलाइन चालत राहणारे गेम, काढायचे. त्यासाठी बंजी ही गेम कंपनी घ्यायला ३.६ अब्ज डॉलर मोजले. मग असाच एक गेम, काँकॉर्ड, आला २३ ऑगस्ट २०२४ला आणि ६ सप्टेंबरला बंद. गणपती बसायच्या आत विसर्जन. सगळ्यांचे पैसे परत, पुढे स्टुडिओही बंद.

का केलं असं? कारण एकट्याने खेळायच्या मोठ्या गेमचा खर्च हाताबाहेर गेलाय. मायक्रोसॉफ्टच्या अॅक्टिव्हिजन खरेदीवर एफटीसी या अमेरिकी सरकारी संस्थेने लावलेल्या २०२३च्या सुनावणीत सोनीने दिलेल्या कागदांवरचे आकडे मार्करने खोडले होते, स्कॅन केल्यावर खालचं दिसलं. लास्ट ऑफ अस २ला साधारण २२ कोटी डॉलर, होरायझन फॉरबिडन वेस्टला २१.२ कोटी. एवढे ओतल्यावर गेम एकाच डब्यावर ठेवणं सोनीलाही परवडत नाही, म्हणून तेही पीसीवर जातायत. हेलडायव्हर्स २ तर ऑगस्ट २०२५मध्ये चक्क एक्सबॉक्सवर आणला. म्हणजे धागालेखक ज्याला मायक्रोसॉफ्टचा नाइलाज म्हणतात, तोच नाइलाज सोनीच्याही दाराशी आहे. फक्त आठ कोटींच्या वर पीएस५ खपलेत म्हणून त्यांना घाई नाही.

तापकीरगल्ली

@नळस्टॉप_नाइट, फरक आहे. सोनी आपला गेम आधी प्लेस्टेशनवर आणते, वर्ष-दोन वर्षांनी पीसीवर. हेलडायव्हर्ससारखा ऑनलाइन गेम वेगळा, त्याला गर्दीच लागते. पण गॉड ऑफ वॉर पीसीवर जायला जवळपास चार वर्षं लागली, २०१८ ते २०२२. आधी गल्ला भरून घेतला, मग उरलासुरला माल बाहेर काढला. मायक्रोसॉफ्ट पीसीवर पहिल्याच दिवशी देते, आणि बरेच गेम आता प्लेस्टेशनवरही. मग एक्सबॉक्स घेण्याचं कारण काय उरतं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. २०१५पासून ते किती यंत्रं विकली तो आकडाही सांगत नाहीत.

कर्वेनगरची_आई

एवढं सगळं वाचलं, निम्मं डोक्यावरून गेलं. मुलगा आता अकरावीला आहे. जीटीए ६ हा गेम येणार म्हणून पीएस५ हवाय. वडील म्हणतात त्यापेक्षा लॅपटॉप घेऊ, अभ्यासालाही होईल. काय करावं?

हिंजवडी_फेज_तीन

ताई, पंचावन्न हजारांत जो लॅपटॉप येतो त्यावर अभ्यास होईल, जीटीए ६ नाही. तो आधी पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरीजवरच येणार आहे, जाहीर तारीख १९ नोव्हेंबर २०२६. पीसीची तारीख दिलेली नाही.

निन्टेंडोवाली

आणि तो गेम मोठ्यांसाठीचा आहे, आधीचे जवळपास सगळे १७-१८ वर्षांवरच्यांसाठीचे होते. हे घरात आधी बोलून घ्या, चिरंजीवांनी हा भाग नक्कीच सांगितला नसेल.

पार्लरवाला

ताई, घ्यायचाच असेल तर डिस्कवाला घ्या, डिजिटल नको. चार-पाच हजारांची डिस्क खेळून झाली की विकता येते. आणि बारावीच्या वर्षी आख्खा कन्सोलही विकता येतो, पुण्यात गिऱ्हाईक दोन दिवसांत मिळतं. एक्सबॉक्सला तेवढा भाव येणार नाही, हे मी स्वतः विकून बघितलंय.

तापकीरगल्ली

दादांनी माझ्या अख्ख्या धाग्याचं उत्तर दिलं की. बाजारात जुन्या एक्सबॉक्सला काय भाव येतो, त्यावरून लोकांना त्याच्या भविष्याबद्दल काय वाटतं ते कळतं.

हिंजवडी_फेज_तीन

पुण्यातल्या सेकंडहँड भावावरून रेडमंडचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं, धोरण ठरवणारे तुम्ही पहिलेच. पुढचा एक्सबॉक्स एएमडी या चिप कंपनीबरोबर बनतोय, जून २०२५मध्ये जाहीर झालंय. येऊ द्या, मग बोलू. तोपर्यंत माझी सीरीज एक्स विकायची नाहीये, कुणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नये.